सबूररावांची समाधानाची नोकरी

माणसाला आयुष्यात ध्येय असावं लागतं, ही बातमी सबूररावांच्या कानावर आली तेव्हा त्यांच्या डोक्यावर मोजके केस आणि निवृत्तीला मोजकी वर्षं उरली होती. तोवर ध्येयावाचून त्यांचं काही अडलं नव्हतं. सकाळी उठावं, भाजीत मीठ कमी आहे किंवा जास्त आहे म्हणून कुरकुरावं, कचेरीत जावं, परत यावं, पंखा कुरकुरतो म्हणून आपणही थोडं कुरकुरावं आणि झोपावं, असा सरळ रस्ता होता. पण घरात मेहुणा आला की सरळ रस्त्याला फाटे फुटतातच.

सबूरराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पाणीपुरवठा कचेरीच्या तक्रारखिडकीत बसून त्यांनी आल्यागेल्याला "सबूर करा" असं इतक्या वेळा सांगितलं, की लोकांनी त्यांना तेच नाव चिकटवून टाकलं. खिडकी म्हणजे एक काच, आणि काचेला खाली तळहाताएवढं अर्धगोल भोक. त्या भोकातून बोलायचं तर माणसाला वाकावं लागे. त्यामुळे सबूररावांना लोकांचे चेहरे ठाऊक नव्हते. फक्त नाकं आणि तोंडं ठाऊक होती. "पाणी कुठाय?" असं एखादं तोंड गरजलं की सबूरराव म्हणत, "सबूर करा. नाव? पत्ता? तक्रारीचं स्वरूप? कधीपासून?" एवढी उत्तरं देईस्तोवर तोंडाचा आवाज निम्म्यावर आलेला असे. पाणी यायचं तेव्हाच यायचं, पण माणूस जरा हलका होऊन घरी जायचा. ही आपली कला आहे असं सबूररावांना कधी वाटलं नाही. त्यांना वाटायचं, आपण जगाच्या शिव्या खाण्याचा पगार घेतो.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याने आजवर विमा विकला, पाण्याची गाळणी विकली, मधमाश्या पाळल्या. त्या मधमाश्याही त्याला सोडून गेल्या. आता तो लोकांना करिअरचं ध्येय कसं ठरवावं ते शिकवत होता. ज्याला पोहता येत नाही त्यानेच काठावर उभं राहून हात कसे मारायचे ते ओरडून सांगावं, अशी जगाची रीतच आहे.

"भाऊजी, डोळे मिटा," तो एका रविवारी म्हणाला. "पाच वर्षांनी तुम्ही कुठे आहात?"

"निवृत्त."

"तसं नाही हो. आतून. तुमच्या मनाला कुठे असायला आवडेल? काय दिसतंय?"

सबूररावांनी डोळे मिटले. आधी नुसता अंधार होता, मग कचेरीतलं भोक दिसलं, मग तेही गेलं.

"खुर्ची," ते म्हणाले. "खिडकीपाशी. बाहेर डोंगर, खाली नदी. उन्हं उतरलेली. हातात चहाचा कप. आणि कोणी काही विचारत नाहीये."

"वा! आणि चित्रात अजून कोण कोण आहे?"

सबूररावांनी मिटल्या डोळ्यांनीच इकडेतिकडे पाहिलं. "कोणी नाही," ते म्हणाले.

आतल्या खोलीत बायकोचं शिलाई मशीन चालू होतं. ती लोकांचे पडदे आणि सोफ्याच्या खोळी शिवायची. मशीन क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. सबूररावांनी ते ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. चित्रातला कप निळा होता आणि त्याचा कान तुटलेला होता, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. त्यात एवढं सांगण्यासारखं काय होतं?

ध्येय ठरलं आणि शेजाऱ्यांना वास लागला. समोरचे हेडमास्तर निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे उपदेश नुसता साठून राहिला होता. ते म्हणाले, "या वयात नोकरी बदलणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. बदलाच, पण आमच्यावर नाव येऊ देऊ नका." खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई म्हणाल्या, "ध्येयाचं राहू द्या, आधी रक्तदाब तपासून घ्या." त्यांनी जिन्यातच दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, आणि "हं" म्हणून निघून गेल्या. ते "हं" सबूररावांना दोन दिवस पुरलं. बायको मात्र काही बोलली नाही. ती बोलली नाही म्हणजे तिला पसंत आहे, असा सोयीचा अर्थ त्यांनी काढला. नवरे तो काढतातच.

आठवडाभरात मेहुणा नोकरीची खबर घेऊन आला. एका मोठ्या बिल्डरकडे जागा होती. काम बसून होतं, बोलण्याचं नव्हतं, आणि वयाची अट अशी की माणूस पोक्त दिसला पाहिजे. सबूररावांनी कचेरीतून साठलेली रजा काढली आणि मुलाखतीला गेले.

शहराच्या टोकाला एक भलंमोठं मोकळं मैदान होतं. मैदानाला पत्र्याचं कुंपण, कुंपणावर हसऱ्या कुटुंबांची चित्रं. आत इमारत नव्हती. इमारत व्हायची होती. गवतात मधोमध एकच खोकं उभं होतं, पांढरं, बिनजिन्याचं, एका फ्लॅटएवढं. तो सॅम्पल फ्लॅट. घ्यायला आलेल्या माणसांना उद्याचं घर आज पाहता यावं म्हणून बांधलेला. मैदानावर वारा होता, पण त्या खोक्याच्या भोवतालचं गवत हलत नव्हतं. सबूररावांना ते चमत्कारिक वाटलं. मग त्यांना वाटलं, मोठ्या कंपन्यांचं सगळंच व्यवस्थित असतं.

मॅनेजरबाई दारातच उभ्या होत्या. त्यांचं हसू एकदा लावून ठेवल्यासारखं होतं. बोलताना ते हलायचं नाही, त्याच्या आजूबाजूने शब्द बाहेर यायचे.

"पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?" त्यांनी विचारलं.

आयता प्रश्न! सबूररावांनी खुर्ची, खिडकी, डोंगर, नदी सगळं घडाघडा सांगितलं.

"या," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दार उघडलं.

आत खिडकीपाशी खुर्ची होती. खिडकीबाहेर डोंगर होता, खाली नदी होती, उन्हं उतरलेली होती. बाहेर तर सकाळची वेळ होती, आणि आपण जमिनीवरून सरळ आत आलो, एक पायरीही न चढता, हे सबूररावांच्या ध्यानात आलं. खिडकीशी जाऊन पाहिलं तर काचेमागे मोठा रंगीत फोटो आणि फोटोमागे दिवा. "अकराव्या मजल्यावरून असंच दिसणार आहे," बाई म्हणाल्या. सबूररावांना हसू आलं. दुरून डोंगर साजरे म्हणतात, इथे तर जवळूनही साजरा होता.

मग त्यांची नजर टेबलावर गेली. तिथे कप होता. निळा. कान तुटलेला.

ते एक पाऊल मागे सरले. हा कप त्यांनी कोणालाच सांगितला नव्हता.

"बसून बघा ना," बाई म्हणाल्या. खुर्ची इतकी नवी होती की तिच्या पायांवर प्लॅस्टिक तसंच होतं. पण बैठकीत खळगा होता, आणि तो सबूररावांना बेतून घेतल्यासारखा बसला. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली असतो त्यांचा, फायली वाहून वाहून. तर खुर्चीची पाठही डावीकडे तेवढीच उतरलेली. पाठीच्या मधोमध एक काहीतरी टोचत होतं, पण पहिल्याच दिवशी कुरकुर कशी करायची? मध्यमवर्गीय माणूस दुसऱ्याच्या घरी खिळ्यावर बसेल, पण बोलणार नाही.

काम सोपं होतं. समाधानी दिसायचं. लोक फ्लॅट पाहायला आले की त्यांना दिसलं पाहिजे, इथे राहणारा माणूस कसा असतो. लोकांशी बोलायचं नाही, उठायचं नाही, ओठ मिटून हसायचं. कपातला चहा प्यायचा नाही. तो चहाच नव्हता, चहाच्या रंगाचं घट्ट काहीतरी कपात ओतून वाळवलेलं होतं. टोपलीतली फळं पोकळ. कपाटात पुस्तकांच्या नुसत्या पाठी. आतल्या खोलीचं दार म्हणजे भिंतीवर काढलेलं चित्र, कडी मात्र खरी. वर्तमानपत्रातही दुरून बातम्या वाटाव्यात अशा नुसत्या काळ्या ओळी. सबूररावांना इतक्या वर्षांची सवय. त्या ओळीही त्यांनी शेवटच्या पानापर्यंत वाचून काढल्या.

गिऱ्हाइकं येऊ लागली. सबूररावांच्या स्वाभिमानाची पहिल्याच दिवशी परीक्षा झाली. एक गृहस्थ त्यांच्याभोवती फिरून म्हणाले, "हा सोबत मिळतो का?" एका आजीबाईंनी त्यांचा गाल चिमटीत धरून ओढला आणि सुनेला म्हणाल्या, "अगं, मेणाचा नाही गं, गरम लागतोय." सून म्हणाली, "आत हीटर असेल." सबूररावांनी हे सगळं ओठ मिटून हसून सोसलं. शेवटी काय, कामाला कामासारखं मानलं पाहिजे. कचेरीत शिव्या खायच्या, इथे गालगुच्चे. बढतीच म्हणायची.

आणि ते त्या कामात तरबेज होत गेले. पहिल्या आठवड्यात नाकावर माशी बसली तर ते उडवत. मग उडवीनासे झाले. मग पापणी लवणं कमी झालं. दुपारी भूक लागेना. एकदा गिऱ्हाइकं गेल्यावरही तासभर हसू उतरलं नाही. बोटांनी ओढून उतरवावं लागलं. मॅनेजरबाई खूश होत्या. "तुमच्याइतका नैसर्गिक कोणी नव्हता," त्या म्हणाल्या.

"माझ्या आधी कोण होतं?" सबूररावांनी सहज विचारलं.

"तुमच्या आधी नुसतं फर्निचर होतं," बाई म्हणाल्या, आणि जाताना त्यांनी भिंतीवर काढलेल्या त्या दाराची कडी हळूच लावून घेतली.

घरी परतलं की सबूररावांना घर फार हलणारं वाटायला लागलं. बायको उगाच इकडून तिकडे जायची. चहा फार गरम असायचा, फार पातळही. ते खिडकीपाशी बसत. समोर हेडमास्तरांचे वाळत घातलेले लेंगे दिसत, आणि सबूरराव त्यांच्याकडे पाहून ओठ मिटून हसत. हेडमास्तर गहिवरले. "काय तो शांतपणा!" ते जिन्यात सगळ्यांना सांगत सुटले. "मनाजोगं काम मिळालं की माणसाचं सोनं होतं." नर्सबाईंनी पुन्हा दंडाला पट्टा बांधला. बराच वेळ फुगवला, सोडला, परत फुगवला. या वेळी त्या "हं" सुद्धा म्हणाल्या नाहीत. पट्टा गुंडाळून त्या घाईघाईने जिना उतरून गेल्या.

बायकोच्या मात्र तोंडचं पाणी पळालं होतं. तिने एक दिवस भाजीत मीठच घातलं नाही. सबूरराव जेवले आणि हसले. दुसऱ्या दिवशी तिने मूठभर घातलं. सबूरराव जेवले, हसले, आणि ताट जागच्या जागी ठेवून बसून राहिले. तेव्हा ती ओट्याशी तोंड फिरवून रडली. लग्न झाल्यापासून हा माणूस मिठावरून कुरकुरत आला होता, आणि तीही उलट बोलत आली होती. दोघांनी एकमेकांशी जे काही बोलायचं ते त्या मिठाच्या बहाण्यानेच बोललं होतं. आता बहाणा गेला आणि बोलणंही गेलं.

त्यातच घरातलं पाणी बंद झालं. ती तक्रार करायला नवऱ्याच्याच कचेरीत गेली. खिडकीत कोणी नवा बसला होता. ती भोकाशी वाकून बोलायला लागली, तर तो म्हणाला, "तक्रार बाहेरच्या मशीनमध्ये टाका," आणि त्याने भोकावर पुठ्ठा सरकवला. रांगेतली तोंडं मोकाट ओरडत होती. कोणी कोणाला नाव विचारत नव्हतं. "पूर्वी इथे एक होते," मागची बाई म्हणाली, "पाणी नाही द्यायचे, पण ऐकून घ्यायचे." बायकोला हुंदका आला. तिने पदर तोंडाशी धरला आणि तशीच घरी आली.

इकडे एक जोडपं सॅम्पल फ्लॅट पाहायला आलं. दोघांचे कपडे मातकट, आवाज इतके हळू की ओठ हलले म्हणून बोलले म्हणायचं. त्यांनी नळ उघडून पाहिला नाही, भाव केला नाही, ऊन कुठून येतं ते विचारलं नाही. भाव न करणारं गिऱ्हाईक पाहिलं की शहाण्याने सावध व्हावं. ती दोघं सबूररावांसमोर बराच वेळ उभी राहिली.

"आम्हाला हाच हवा," बाई म्हणाली. "जसाच्या तसा. उचलून नेऊ."

"आम्हाला आवाज चालत नाही," तिचा नवरा म्हणाला. "हा आवाज करत नाही ना?"

"मुळीच नाही," मॅनेजरबाई म्हणाल्या.

हे ऐकून सबूररावांच्या आत कुठेतरी तो कप पहिल्यांदा पाहिला तेव्हाची भीती जागी झाली. संध्याकाळी ते मोठ्या कष्टाने उठले आणि बिल्डरच्या ऑफिसात गेले. तिथल्या कारकुनाला म्हणाले, "मला राजीनामा द्यायचाय."

कारकुनाने कॉम्प्युटरवर शोधलं. वर शोधलं, खाली शोधलं. "कर्मचाऱ्यांत तुम्ही नाही."

"असा कसा नाही? रोज येतो मी."

"सबूर करा," कारकून म्हणाला. सबूररावांना तोंडात मारल्यासारखं झालं. "हां, सापडलात. तुम्ही फर्निचरमध्ये आहात. खुर्ची, तिच्यावरच्या माणसासह."

"मग मी राजीनामा कसा देऊ?"

"फर्निचरला राजीनामा देता येत नाही हो काका. एक तर विकलं जातं, नाहीतर मोडीत निघतं. तुम्ही विकले गेलाय. अभिनंदन."

सबूररावांना फार भीती वाटली. म्हणून जरा टेकावं एवढ्यासाठी ते परत खोक्यात गेले आणि खुर्चीत बसले. बसल्याबरोबर बरं वाटलं. भीती हळूहळू उतरली, उन्हासारखी. आणि ते ऊन तर इथे कधी मावळत नव्हतंच. त्या दिवशी ते घरी गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोकडे एक काम आलं. बिल्डरच्या ड्रायव्हरने मातकट कापडाचे कापलेले तुकडे आणून दिले. खुर्चीची खोळ होती, दुपारपर्यंत हवी होती, आजच माल हलणार होता. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. नवरा रात्री परतला नव्हता, भावाचा फोन "ध्येयाकडे जाणाऱ्याला मागे खेचू नये, ताई," एवढंच बोलून बंद झाला होता. पण हातांना शिवल्याशिवाय राहवत नाही. तिने तुकडे टाचण्यांनी जोडून पाहिले. आणि जोडता जोडता तिचे हात गार पडले.

ती खुर्चीची खोळ नव्हतीच. वर डोक्याएवढा गोल होता, मान जराशी पुढे झुकलेली, मग खांदे. डावा खांदा उजव्यापेक्षा खाली. त्या खांद्याचे सदरे ती इतकी वर्षं शिवत आली होती. अंधारात हाताने चाचपून तिने तो ओळखला असता. कापड तिच्या मांडीवर तिच्या नवऱ्याच्या आकारात बसलं होतं, आणि तोंडाच्या जागी कुठेही भोक ठेवलेलं नव्हतं.

ती तशीच उठली. खोळ बगलेत मारली आणि निघाली. जिन्यात हेडमास्तर म्हणाले, "कुठे निघालात? त्यांच्या प्रगतीच्या आड येऊ नका हो." ती म्हणाली, "तुम्ही आधी तुमचे लेंगे आत घ्या." हेडमास्तर थक्क होऊन भिंतीला चिकटले आणि ती खाली उतरून गेली.

मैदानात ट्रक उभा होता. फळांची टोपली, पुस्तकांच्या पाठी, वर्तमानपत्र, सगळं बांधून झालं होतं. खोक्यात खुर्ची तेवढी उरली होती आणि खुर्चीत सबूरराव होते. एका हातात निळा कप. चेहऱ्यावर ते हसू. मातकट जोडपं दोन्ही बाजूंना उभं होतं.

"खोळ आणली का?" मॅनेजरबाईंनी विचारलं.

ती नवऱ्यासमोर गेली. "अहो," तिने हाक मारली. "अहो, चला घरी." त्यांचे डोळे डोंगराकडे होते. तिने खांदा हलवला. खुर्ची हलली, ते हलले नाहीत. त्यांचा हात गार आणि गुळगुळीत लागला. तिला ओरडावंसं वाटलं, पण ओरडून काय होणार? ओरडणारी तोंडं त्यांनी आयुष्यभर ऐकली होती. त्यांना ओरडणं कधीच ऐकू जायचं नाही. ऐकू जायचं ते त्यानंतरचं, नाव-पत्ता सांगून केलेलं गाऱ्हाणं.

मग ती त्यांच्यासमोर वाकली. काचेला भोक असावं तशी, नाक आणि तोंड पुढे करून.

"मला तक्रार नोंदवायची आहे," ती म्हणाली.

काही झालं नाही. मातकट बाईने खोळीकडे हात पुढे केला.

"ऐकलंत का? तक्रार आहे माझी."

सबूररावांच्या घशात काहीतरी खरखरलं. बंद घराचं दार उघडावं तसा आवाज आला. "सबूर... करा."

"केली. लग्न झाल्यापासून तेच करतेय."

"नाव?"

तिने सांगितलं.

"पत्ता?"

"तुमचाच."

"तक्रारीचं स्वरूप?"

"माझा नवरा घरी येत नाही," ती म्हणाली. "येतो, पण येत नाही. जेवतो आणि हसतो. मीठ नाही घातलं तरी हसतो, मूठभर घातलं तरी हसतो. मला भीती वाटते हो. शेजारी कोण झोपलंय तेच कळत नाही. मला तो परत हवाय. कुरकुरणारा. दुसरा नको."

सबूररावांच्या कपाळावर आठी पडली. बारीकशी. "कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, चित्रात कोणी नाही, तेव्हापासून. मी आतच होते. मशीनवर."

त्यांचा हात सवयीने नसलेल्या टेबलाकडे गेला, तक्रार लिहून घ्यायला. हातातला कप खाली पडला. फुटला नाही, लाकडासारखा खडखडत भिंतीपर्यंत गेला.

"पेन कुठाय?" सबूरराव म्हणाले. त्यांनी इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं. "साधं पेन मिळत नाही इथे? एवढी मोठी कंपनी आणि तक्रार लिहून घ्यायला पेन नाही? आणि ही खुर्ची! पहिल्या दिवसापासून पाठीत टोचतेय, बोललो नाही म्हणून काय झालं? आणि चहा! चहा म्हणतात याला? त्या डोंगरावर एक झाड हलत नाही. किती दिवस बघायचं माणसाने? इथे वारा नाही, कपडे वाळत घालायला जागा नाही..."

"नळाला पाणी नाही," बायको म्हणाली. तिच्या गालांवरून धारा लागल्या होत्या.

"नळाला पाणी नाही!" सबूरराव गरजले. ते गरजताना आयुष्यात प्रथमच दिसले असतील.

मातकट बाईने कानांवर हात ठेवले. "हा बोलतो," ती कुजबुजली. तिचा नवरा म्हणाला, "आम्हाला आवाज चालत नाही," आणि ती दोघं मागे सरत सरत त्या भिंतीवरच्या दाराशी गेली. कडी खरी होती हे आधी सांगितलंच आहे. दार उघडल्याचं कोणी पाहिलं नाही. पण ती दोघं खोलीत राहिली नाहीत, एवढं नक्की.

मॅनेजरबाईंचं हसू पहिल्यांदाच थोडं तिरकं झालं. "नग खराब निघाला," त्या म्हणाल्या. "खराब नग साइटवर ठेवता येत नाही. घेऊन जा."

पण साइटवरून नग असाच बाहेर नेता येत नाही, गेटपास लागतो. गेटपासवर सही मोठ्या साहेबांची, आणि साहेब जेवायला गेलेले. सबूरराव गेटपाशी दगडावर बसून दर मिनिटाला कचेऱ्यांच्या कारभारावर तोंडसुख घेत होते, आणि बायको शेजारी बसून ते असं ऐकत होती जणू कोणी गाणं म्हणतंय. शेवटी पास आला. "मोडका नग, एक."

वॉचमनने पास पाहिला, ट्रककडे पाहिलं, गवताकडे पाहिलं. "नग कुठाय?"

"हा काय, मीच," सबूरराव दुखावल्या स्वरात म्हणाले.

वॉचमनने त्यांना वरून खाली न्याहाळलं. "मोडलाय कुठे? धड तर दिसतोय."

"आतून," बायको म्हणाली आणि तिने त्यांचा हात धरून त्यांना बाहेर काढलं.

सबूरराव रजा रद्द करून खिडकीत परत बसले. भोकावरचा पुठ्ठा त्यांनी पहिल्या दिवशी काढून टाकला. समोर एक नाक आलं, एक तोंड आलं आणि गरजलं, "पाणी कुठाय?" आणि सबूररावांना इतका आनंद झाला की त्यांचे डोळे भरून आले. "सबूर करा," ते म्हणाले. "आधी नाव सांगा." आता ते स्वतःही थोडं वाकतात, चेहरा दिसतो. खोळीच्या कापडाची बायकोने पायपुसणी शिवली. मेहुणा त्या रिकाम्या जागेसाठी स्वतः मुलाखतीला जाऊन आला. पाच वर्षांनी कुठे असाल या प्रश्नाची त्याने इतकी उत्तरं दिली की बाईंनी त्याला हात जोडले. जागा अजून रिकामी आहे म्हणतात. खुर्चीतला खळगा बदललाय, असंही म्हणतात.

परवाचीच गोष्ट. नर्सबाईंनी बजावून सांगितलं होतं, रक्तदाब वाढतोय, मीठ बेताने. म्हणून बायकोने भाजी अगदी जपून केली. उन्हं उतरलेली होती आणि खिडकीतून ताटापर्यंत आली होती. सबूररावांनी घास घेतला. ती त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. मीठ कमी नव्हतं, जास्तही नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बरोबर झालं होतं. सबूररावांचा हात थांबला, नजर खिडकीकडे गेली, आणि ओठ हळूहळू मिटत मिटत दोन्ही कडांनी वर जायला लागले.

तिने बरणी ओढली, हाताला आलं तेवढं मीठ त्यांच्या भाजीत टाकलं आणि चमच्याने ढवळलं. "खा," ती म्हणाली.

त्यांनी घास घेतला. बराच वेळ चावला.

"खारट झालंय," सबूरराव म्हणाले.

"झालं तर झालं," ती म्हणाली. बरणी तिने परत आत ठेवली नाही, हाताशीच ठेवली. "रोज काय नवी तक्रार तुमची?"